लोणीचोराचा दुसरा भाग

बालदोस्तांनो, मधल्या सुट्टीत तुमच्या वर्गात भांडणं कशावरून होतात? आमच्या नाशिकच्या शाळेत, चौथीच्या वर्गात, परवा चक्क सिनेमावरून जुंपली. एक म्हणाला, "'हेराफेरी'च भारी!" दुसरा म्हणाला, "छट्! 'फिर हेराफेरी' त्याच्याहून भारी!" पहिला सिनेमा आला २००० साली आणि दुसरा २००६ साली. म्हणजे दोन्ही सिनेमे या भांडणाऱ्या मंडळींपेक्षा वयाने मोठे. तरी बाबूरावांचे संवाद सगळ्यांना तोंडपाठ!

तेवढ्यात मागच्या बाकावरून तिसरा उठला. "माझ्या आत्येभावाने इंग्रजी सिनेमाची ब्लू-रे आणलीये. चोरांचा विनोदी सिनेमा, भाग दुसरा. आणि फुल एचडी! चोराच्या दाढीचा केस न् केस मोजता येतो."

झालं! सगळा वर्ग त्याच्याभोवती गोळा.

मी डबा बाजूला ठेवला आणि म्हटलं, "चोरीचा सिनेमा, पोट धरून हसवणारा, जवळजवळ दुसरा भागच म्हणावा असा, आणि त्यात दाढीसुद्धा आहे. असा एक सिनेमा मलाही माहीत आहे. तो १९१९ सालचा आहे आणि आपल्या नाशिकमधल्या कंपनीने काढलाय. बघायचा?"

"बाई, तेव्हा सिनेमे होते?"

होते तर!

चोर सात वर्षांचा... छे, सात वर्षांची!

दादासाहेब फाळके हे नाव तुम्ही ऐकलंच असेल. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी आपल्या त्र्यंबकेश्वरला झाला. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात लागला. त्यानंतर फाळके आपला सगळा पसारा घेऊन नाशिकला आले. १९१८ साली 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' सुरू झाली ती इथेच. या कंपनीचा पहिला मोठा चित्रपट 'श्रीकृष्ण जन्म' (१९१८) आणि पुढच्याच वर्षी आलेला 'कालिया मर्दन'.

फाळक्यांनी त्यावर 'भाग दुसरा' असं काही लिहिलं नव्हतं. पण नायक तोच, बाळकृष्ण. गोष्ट त्याचीच पुढे चाललेली. आणि दोन्ही चित्रपटांत कृष्णाचं काम करणारं मूलही तेच. ते मूल म्हणजे फाळक्यांची मुलगी मंदाकिनी!

इथे एक गंमत आहे. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी सिनेमात काम करायला बायका मिळेनात, म्हणून तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषाने केलं. आणि सहा वर्षांनी 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली एक मुलगी. चित्रपटाच्या सुरुवातीला ही सात वर्षांची मुलगी साध्या वेषात येते आणि नुसत्या चेहऱ्याने हसू, राग, रडू असे एकेक भाव करून दाखवते. मग बघता बघता तिचा कृष्ण होतो. जणू फाळके म्हणतात, 'बघा हं, हीच पोर आता काय काय करते ते!'

आणि ती काय काय करते? गावातली एक बाई कृष्णाच्या सवंगड्यांवर पाणी उडवते. झालं, टोळी चिडते. बेत ठरतो आणि तिच्या घरातलं लोणी गायब! एवढ्यावर थांबतील तर ती मुलं कसली? रात्री कृष्ण एका श्रीमंत माणसाच्या खोलीत शिरतो. नवरा-बायको गाढ झोपलेले. कृष्ण हळूच नवऱ्याची दाढी आणि बायकोचे केस एकमेकांना बांधून टाकतो! पुढे कालिया नागाशी पाण्याखाली झुंज आहेच. पण खरं सांगू? आमच्या वर्गाला नागापेक्षा दाढीच जास्त आवडली.

हा चित्रपट मी इंटरनेटवरून घेतला आणि शाळेतल्या टीव्हीवर लावला. मूकपट म्हणजे आवाज नाही. मध्ये मध्ये पाट्या येतात, त्या वाचायच्या. पहिली दोन मिनिटं मुलं गप्प होती. मग एकाने कृष्णाचे संवाद स्वतःच्या मनाने म्हणायला सुरुवात केली, दुसऱ्याने त्या बाईचे. दाढीचा प्रसंग आला तेव्हा तर शेजारच्या वर्गातले सर बघायला आले, काय गोंधळ चाललाय म्हणून!

"बाई, एचडी लावा ना!"

सगळे खूश, फक्त तो ब्लू-रेवाला नाराज. "बाई, चित्र धूसर आहे. एचडी लावा ना!"

आता हे एचडी म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. पडद्यावरचं चित्र म्हणजे बारीक बारीक ठिपक्यांची रांगोळी. ठिपके जितके जास्त तितकी रांगोळी बारीक आणि स्पष्ट. वही-पेन्सिल घ्या आणि गुणाकार करून बघा.

व्हीसीडीचं चित्र ३५२ × २८८, म्हणजे १,०१,३७६ ठिपके.
डीव्हीडीचं ७२० × ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके.
फुल एचडीचं, म्हणजे ब्लू-रेचं, १९२० × १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके.
फोर-केचं ३८४० × २१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके!

एवढे ठिपके त्याच आकाराच्या तबकडीवर मावतात कसे? जाड टोकाच्या पेन्सिलने वहीच्या पानावर दहा ओळी बसतात, टोकदार पेन्सिलने वीस. तबकडीवरच्या खुणा वाचणारी 'पेन्सिल' म्हणजे लेसर किरण. डीव्हीडीला तांबडा लेसर लागतो. २००६ साली बाजारात आलेल्या ब्लू-रेला निळसर जांभळा लेसर लागतो. त्याचं टोक जास्त बारीक असतं. म्हणून एका थराच्या डीव्हीडीवर ४.७ गिगाबाइट मजकूर मावतो, तर तेवढ्याच ब्लू-रेवर २५ गिगाबाइट.

मग 'कालिया मर्दन' एचडीत का दिसेना? टीव्ही तर एचडीच होता! कारण साधं आहे. माझ्याकडे आलेली प्रत एका प्रतीची प्रत, तिची पुन्हा प्रत अशी होती. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की अक्षरं पुसट होतात ना, तसं. मूळ चित्रात जेवढं टिकलंय तेवढंच पडद्यावर दिसणार. टीव्ही कितीही महाग आणला तरी हरवलेला ठिपका तो परत आणू शकत नाही.

पण याची दुसरी बाजूही ऐका. फाळक्यांच्या काळातली ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म काही कमी बारीक नव्हती. अशी मूळ फिल्म नीट जपलेली असेल तर तिच्यातून आजही एचडी, अगदी फोर-के चित्र मिळवता येतं. शंभर वर्षांपूर्वीच्या दाढीचेही केस मोजता येतील! अट एकच. मूळ फिल्म जपलेली हवी.

आणि तिथेच तर घोटाळा झालाय.

खरे चोर

फिल्मची लांबी फुटात मोजतात. तुमच्या कंपासपेटीतली पट्टी अर्ध्या फुटाची असते, अशा दोन पट्ट्या म्हणजे एक फूट. एक फूट फिल्मवर १६ छोटी चित्रं, म्हणजे चौकटी, मावतात. मूकपटाच्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत आणि सेकंदाला साधारण १६ चौकटी टिपत. म्हणजे एक फूट बरोबर एक सेकंद! (पुढे सेकंदाला २४ चौकटी दाखवणारी यंत्रं आली. जुने मूकपट त्यांवर लावले की माणसं तुरुतुरु धावताना दिसतात, ती यामुळेच.)

'कालिया मर्दन' मुळात ६००० फूट होता. आज त्यातले ४४४१ फूट उरलेत. म्हणजे चार भागांतले जवळजवळ तीन. फाळक्यांच्या वेळच्या गतीने एक तास चौदा मिनिटं.

'श्रीकृष्ण जन्म' होता ५५०० फूट, म्हणजे दीड तासाचा सिनेमा. त्यातले उरलेत फक्त ५७६ फूट. नऊ मिनिटं आणि छत्तीस सेकंद. संपला.

बाकीचं कोणी चोरलं? चोर एक नाही, टोळीच आहे. पहिला चोर खुद्द फिल्मच. त्या काळची फिल्म नायट्रेट नावाच्या पदार्थाची असे. ती चटकन पेट घेते आणि एकदा पेटली की पाण्यानेही सहजी विझत नाही. नुसती पडून राहिली तरी आधी चिकट होते आणि शेवटी तिचा भुगा होतो. दुसरा चोर उकाडा आणि दमट हवा. तिसरा चोर म्हणजे आपण माणसं. बोलपट आले, मूकपटांना गिऱ्हाईक उरेना. मग फिल्मवरच्या लेपात चांदी असते म्हणून जुन्या फिल्मा भंगारात विकल्या गेल्या. त्या वेळी कोणाला त्यात गैर वाटलं नाही. आपण रद्दी विकतो, तसंच ते.

भारतात तेराशेच्या वर मूकपट निघाले, त्यांतले मोजकेच शिल्लक आहेत. आपला पहिला बोलपट 'आलम आरा' (१९३१) याची तर एकही प्रत सापडलेली नाही. ज्या सिनेमाने देशाला बोलायला शिकवलं, तो आज पूर्ण मुका!

चोरांवर मोर

या टोळीच्या हातून थोडंफार परत पळवून आणणारा एक माणूस होता. त्यांचं नाव पी. के. नायर. पुण्यात फेब्रुवारी १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पुढच्या वर्षी नायर तिथे कामाला लागले. जिथे जुनी फिल्म असल्याची कुणकुण लागे तिथे ते जाऊन धडकत. नाशिकला येऊन ते फाळके कुटुंबीयांनाही भेटले. 'कालिया मर्दन' त्यांना सलग मिळाला नाही, तुकड्यातुकड्यांत मिळाला. कोणता तुकडा आधी, कोणता नंतर? शेवटी फाळक्यांनी स्वतः लिहून ठेवलेल्या टिपणांचा आधार घेऊन तुकडे जुळवले गेले. तुम्ही चित्रांचं कोडं जोडता ना, तसंच. फक्त खोक्यावर मूळ चित्र छापलेलं नव्हतं. आज आपण दाढीच्या प्रसंगाला हसतो, ते या जोडकामामुळे.

तरीही चोर पुन्हा येतातच. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मांच्या साठ्याला आग लागली आणि पुष्कळ जुन्या फिल्मा जळून गेल्या.

पण जळालेल्या फिल्मांतूनही माणसं किती वाचवू शकतात, तेही ऐका. सत्यजित राय यांचे 'पथेर पांचाली', 'अपराजितो' आणि 'अपूर संसार' हे एकाच मुलाची गोष्ट सांगणारे तीन बंगाली चित्रपट. १९९३ साली लंडनमध्ये लागलेल्या आगीत त्यांच्या मूळ फिल्मा होरपळल्या. त्या टाकून न देता जपून ठेवल्या गेल्या. अनेक वर्षांनी इटलीतल्या कारागिरांनी त्या हातांनी साफ केल्या, फाटलेल्या कडा नव्याने जोडल्या आणि एकेक चौकट टिपली. जे भाग अगदीच गेले होते, ते दुसऱ्या चांगल्या प्रतींवरून घेतले. २०१५ साली हे चित्रपट पुन्हा झळाळून पडद्यावर आले आणि त्यांच्या ब्लू-रेही निघाल्या. म्हणजे बघा, दुकानातली चकचकीत डबी हा सगळ्यात शेवटचा टप्पा. त्याच्या आधी कोणीतरी एक जळका डबा फेकून न देण्याचं शहाणपण दाखवलेलं असतं.

आमच्या घरातली चोरी

आता तुम्हाला माझ्या घरची गोष्ट सांगते. १९९६ साली माझ्या मावशीचं लग्न झालं. त्याची व्हिडिओ कॅसेट होती, तीन तासांची. मी तेव्हा तुमच्याएवढी. कॅसेट बघायची म्हणजे व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि शेजारपाजारचे सगळे चटईवर दाटीवाटीने बसायचे. पुढे व्हीसीआर गेले, सीडी आल्या, मग डीव्हीडी, मग मोबाइल. कॅसेट लोखंडी कपाटात साड्यांच्या खाली राहिली.

आजोबा २००१ मध्ये गेले. मागच्या वर्षी आई म्हणाली, "अगं, त्या लग्नाच्या कॅसेटमध्ये अण्णा आहेत." मी कॅसेट काढली. फितीवर पांढरी बुरशी! एक जाणता दुकानदार शोधून काढला. त्याने कॅसेट उघडली, फीत साफ केली आणि जुन्या यंत्रावर लावली. आणि पडद्यावर काय आलं? क्रिकेटची मॅच! १९९९ च्या वर्ल्ड कपच्या वेळी माझ्या भावाने लग्नावरच मॅच रेकॉर्ड केली होती. तो बाजूलाच उभा होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, मी काही बोलायच्या आधीच म्हणाला, "मला वाटलं ती कोरी आहे गं!"

तीन तासांतली शेवटी अकरा मिनिटं वाचली. त्या अकरा मिनिटांत आजोबा आठ सेकंद दिसतात. कॅमेऱ्यासमोर हात आडवा धरून म्हणतात, "माझा नको रे, पोरीचा काढ." बस्स, एवढंच. व्हिडिओत सेकंदाला २५ चित्रं असतात, म्हणजे आजोबांची दोनशे चित्रं. आईने ते आठ सेकंद किती वेळा पाहिले ते मी मोजलं नाही.

दुकानदाराने विचारलं, "ताई, एचडी करून देऊ का?" मी म्हटलं, "भाऊ, त्याने चित्र फक्त मोठं होईल, अण्णा काही जास्त दिसणार नाहीत. आहे तसंच द्या, पण दोन प्रती द्या."

आता तुमची पाळी

मुलांनो, या रविवारी आईबाबांना बरोबर घेऊन ही कामं करा.

१. घरात जुन्या व्हिडिओ कॅसेट, ऑडिओ कॅसेट, सीडी, फोटोंच्या निगेटिव्ह कुठे आहेत ते शोधा. माळा आणि कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा आधी बघा.

२. बुरशी आलेली कॅसेट लगेच यंत्रात घालू नका. फीत तुटू शकते आणि बुरशी यंत्रालाही लागते. ते काम जाणणाऱ्याकडेच द्या.

३. कॅसेट पुस्तकासारखी उभी ठेवा. कोरड्या जागी, उन्हापासून आणि लोहचुंबकापासून दूर.

४. नवी प्रत केली तरी मूळ कॅसेट टाकू नका. आणि प्रती दोन करा, एक आपल्या घरी, दुसरी काका-मामाकडे. मोबाइल पडला, फुटला, हरवला तरी दुसरी शाबूत राहील.

५. आजी-आजोबांना शेजारी बसवा आणि चित्रातल्या माणसांची नावं विचारून वहीत लिहा. तारीख आणि गावही लिहा. लक्षात आहे ना, फाळक्यांची टिपणं नसती तर 'कालिया मर्दन'चे तुकडे नीट लागले नसते.

पालकांनाही एक विनंती. मोबाइलमध्ये मुलांचे हजारो फोटो आणि व्हिडिओ असतात. जागा भरली की आपण धडाधड पुसून टाकतो. दर दिवाळीला त्यातले निवडक वेगळे काढून दोन ठिकाणी ठेवा. घराची साफसफाई करतोच ना आपण, त्यातच हे उरकेल.

आणि हो, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. नाशिकला आलात तर लेणी चढायच्या आधी दोन मिनिटं तिथे थांबा आणि त्या सात वर्षांच्या लोणीचोर मुलीची आठवण काढा.

आमच्या वर्गातलं भांडण शेवटी कसं मिटलं ते राहिलंच की! सिनेमा संपल्यावर मी विचारलं, "मग काय ठरलं? पहिला भाग भारी की दुसरा?"

सगळे एकदम ओरडायला लागले. तेव्हा पुढच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्गात फारशी बोलत नाही, ती उठून म्हणाली, "बाई, पहिला भाग पूर्ण आहेच कुठे? मग भांडायचं तरी कसं?"

वर्ग गप्प झाला. मीही.

दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरचा तो ब्लू-रेवाला दप्तरातून एक जुनी व्हिडिओ कॅसेट घेऊन आला. "बाई, ही माझ्या पप्पांच्या मुंजीची. आजी म्हणते, यात पणजोबा आहेत. तुमचा तो दुकानदार कुठे बसतो?"